न निवडलेल्या हातांनी काढलेली रेषा: मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टपासून आजच्या विकास योजनेपर्यंत

माझ्यापुढे आलेला प्रश्न असा आहे. शहराच्या जुन्या भागातील एका गल्लीवरून प्रारूप, म्हणजे अजून मंजूर न झालेल्या, विकास योजनेत १५ मीटर रुंद रस्त्याची रेषा गेली आहे. गल्लीत वाडे आहेत आणि वाड्यांत दोन-तीन पिढ्यांचे भाडेकरू आहेत. तेथील एका रहिवाशाने विचारले आहे की, ही रेषा काढणाऱ्याला आम्ही कधी निवडून दिले नाही, मग आमची वस्ती बदलून टाकण्याचा अधिकार त्याच्याकडे आला कोठून? न्यूयॉर्कच्या रॉबर्ट मोझेसविषयी त्यांनी वाचले आहे. आपल्याकडे असे कोणी होऊन गेले का, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे. मी ३१ वर्षे नगररचनेच्या कामात काढली, अशा रेषा स्वतःच्या हाताने ओढल्या आणि काही वेळा त्या चुकीच्या ठिकाणी ओढल्या. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी सविस्तर देणार आहे.

मोझेसपासून सुरुवात करतो. या माणसाने न्यूयॉर्कमध्ये चाळीस वर्षांहून अधिक काळ रस्ते, पूल, उद्याने आणि गृहवसाहती उभ्या केल्या, आणि तो एकही निवडणूक जिंकला नाही. १९३४ मध्ये तो गव्हर्नरपदासाठी उभा राहिला आणि मोठ्या फरकाने पडला. त्याचे बळ त्याच्या स्वभावात होते असे सांगितले जाते, परंतु या धंद्यातला माणूस म्हणून मला ते वेगळ्या ठिकाणी दिसते. तो ज्याचा प्रमुख होता त्या ट्रायबरो पुलाच्या प्राधिकरणाला टोलचे उत्पन्न होते, त्या उत्पन्नाच्या भरवशावर त्याला कर्जरोखे काढता येत होते, आणि रोखेधारकांशी झालेल्या करारात हात घालणे विधिमंडळालाही सोपे नव्हते. ज्याला दरवर्षी अंदाजपत्रकासाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही, त्याला मतदाराच्या दारातही जावे लागत नाही. ब्राँक्समधून जाणारा द्रुतगती मार्ग आखताना ईस्ट ट्रेमाँट भागातील एका मैलात सुमारे दीड हजार कुटुंबांची घरे गेली. रहिवाशांनी दुसरी वाट सुचवली होती आणि तिच्यात फार थोडी घरे जात होती. ती मान्य झाली नाही. १९६८ मध्ये त्याचे प्राधिकरण मोठ्या वाहतूक प्राधिकरणात मिसळले गेले, टोलच्या पैशावरचा ताबा सुटला आणि त्याबरोबर सत्ताही सुटली.

आपल्याकडे असा एक माणूस शोधू नये. आपल्याकडे हे काम एका संस्थेने केले आणि तेही मोझेसच्या बरेच आधी. तिचे नाव मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. तिच्या चाळींना लोक आजही ‘बीआयटी चाळ’ म्हणतात, आणि त्या तीन अक्षरांचा अर्थ (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) तिथे राहणाऱ्यांपैकीही अनेकांना माहीत नसतो.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी ग्रंथिज्वराच्या प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले, गिरण्या आणि गोद्या ओस पडल्या, आणि परदेशी बंदरांनी मुंबईच्या जहाजांवर निर्बंध घातले. सरकार हादरले ते या शेवटच्या गोष्टीने. पुण्यात प्लेग कमिटीच्या रँडने काय केले आणि त्याचे पुढे काय झाले, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. मुंबईत मार्ग वेगळा निघाला. १८९८ मध्ये कायदा करून हा ट्रस्ट स्थापन करण्यात आला. दाट वस्त्या मोकळ्या करणे, हवा येईल असे रुंद रस्ते काढणे, गरिबांसाठी आरोग्यदायी चाळी बांधणे आणि शहराच्या उत्तरेकडे नवी जमीन विकसित करणे, अशी कामे त्याच्याकडे सोपवण्यात आली.

विश्वस्त मंडळ चौदा जणांचे होते. अध्यक्ष सरकारने नेमलेला असे. महापालिकेला काही प्रतिनिधी पाठवता येत, परंतु बहुमत तिच्या हाती नव्हते. उरलेल्या जागांवर सरकारी अधिकारी आणि व्यापारी, गिरणीमालक व बंदर यांच्या संस्थांची माणसे बसत. सरकारी मालकीच्या जमिनी ट्रस्टच्या हवाली करण्यात आल्या, त्याला कर्जरोखे काढण्याची मुभा मिळाली आणि महापालिकेने दरवर्षी आपल्या उत्पन्नातून त्याला हिस्सा द्यावा, असे कायद्यानेच ठरवून दिले. स्वतःची जमीन, स्वतःचे कर्ज आणि दुसऱ्याने भरायचा हिस्सा असे तीनही आधार एकाच ठिकाणी आले. मोझेसच्या टोलनाक्याचे काम इथे जमिनीने केले.

आता या ट्रस्टने वस्त्यांचे काय केले ते पाहू. नागपाड्याची दाट वस्ती सुरुवातीच्या योजनांपैकी एक होती. त्यानंतर प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड आले. प्रिन्सेस स्ट्रीट म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग आणि सँडहर्स्ट रोड म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. हे दोन्ही रस्ते नकाशावर पाहिले तर ते पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. याचे कारण वाहतुकीत शोधू नये. समुद्रावरचा वारा गिरगाव-काळबादेवीच्या पोटात शिरावा आणि कोंदट हवा वाहून जावी, हा त्यामागचा हिशोब होता. दूषित हवेतून रोग पसरतो ही जुनी समजूत अजून जिवंत होती. त्याच १८९८ सालात कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने प्लेग उंदरांच्या पिसवांतून पसरतो हे दाखवून दिले. परंतु ते शास्त्रज्ञांमध्ये सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली, आणि तोवर रस्त्यांच्या रेषा कायम होऊन पाडकाम सुरू झाले होते. धान्याच्या गोदामांतले उंदीर जिथल्या तिथे राहिले. मी तरुण अधिकाऱ्यांना शिकवत असे तेव्हा हे उदाहरण नेहमी सांगत असे. आपण ज्या कारणासाठी रेषा ओढतो ते कारण दहा वर्षांनी खोटे ठरू शकते, पण रेषा राहते. सँडहर्स्ट रोड आजही आहे. त्याच्या कडेच्या तळमजल्यावर कमानी असलेल्या एकसारख्या इमारती देखण्या आहेत, हेही मी मान्य करतो.

परंतु माझ्या दृष्टीने या साऱ्या कथेचा गाभा ट्रस्टच्या कायद्यातल्या एका साध्या गोष्टीत आहे. घर पाडले जाणार तेव्हा नोटीस मालकाला जात असे. भरपाई मालकाला मिळे. रक्कम पटली नाही तर दाद मागण्यासाठी खास न्यायाधिकरण होते, आणि तिथेही प्रामुख्याने जमीन-इमारतींचे मालकच उभे राहत. ज्या इमारतीत शंभर कुटुंबे भाड्याने राहत होती, त्या शंभर कुटुंबांना या व्यवहारात पक्षकाराचे स्थान जवळजवळ नव्हतेच. त्यांच्यासाठी चाळी बांधायच्या, हे कायद्यात होते. पण ज्यांची खोली पाडली त्यांनाच, त्याच भागात आणि त्याच भाड्यात खोली मिळेल, अशी सोय प्रत्यक्षात झाली नाही. पहिल्या दशकांत ट्रस्टने पाडलेल्या खोल्या बांधलेल्या खोल्यांपेक्षा अधिक होत्या.

मग ही माणसे गेली कोठे? ती शेजारच्या आळीत गेली. गोदीत पहाटे हजेरी लावून दिवसाचे काम मिळवणारा हमाल माटुंग्याला जाऊन राहू शकत नाही, कारण कामाची बोलावणी त्याच्या उंबऱ्यापासून हाकेच्या अंतरावर होते. म्हणून मांडवीत पाडले की डोंगरीत गर्दी वाढली, नागपाड्यात पाडले की भायखळ्याच्या बाजूला भाडी चढली. जी दाटी मोडायला ट्रस्ट निघाला होता ती दाटी एका गल्लीतून उठून पलीकडच्या गल्लीत जाऊन बसली. आज आपण ज्याला विस्थापन म्हणतो त्याची ही मुंबईतील मोठ्या प्रमाणावरची पहिली नोंदवलेली उदाहरणे आहेत, आणि त्यानंतरच्या प्रत्येक रुंदीकरणात मी तोच नमुना पाहिला आहे. माणूस घराजवळून हलतो, कामाजवळून हलत नाही.

ट्रस्टमध्ये हे कोणाला दिसले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जे. पी. ऑर हे आयसीएस अधिकारी १९०९ नंतर सुमारे दहा वर्षे अध्यक्ष होते. दाट वस्तीवर थेट कुदळ चालवण्याऐवजी आधी शहराबाहेरची जमीन तयार करावी, तिथे लोक आपण होऊन जावेत आणि मग आतली दाटी सैल करावी, अशा वळणावर ट्रस्ट त्यांच्या काळात आला. खोलीत प्रकाश आणि हवा किती हवी यावर त्यांनी व्याख्याने दिली आणि साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम पुढे आणला. खोलीच्या खिडकीकडच्या भिंतीच्या तळापासून साडेत्रेसष्ट अंशांनी वर चढणारी रेषा कल्पावी आणि समोरची इमारत त्या रेषेच्या वर डोकावू नये. भूमितीने पाहिले तर याचा अर्थ सोपा आहे. समोरच्या भिंतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नको. दहा फूट अंतर असेल तर वीस फूट उंची. एका अनिर्वाचित अधिकाऱ्याने मांडलेला हा नियम मला आजही मोलाचा वाटतो, आणि आजच्या पुनर्विकासाच्या इमारतींमधली दीड-दोन मीटरची अंतरे मंजूर होताना पाहिली की तो अधिकच आठवतो. तज्ज्ञ असणे हा दोष नाही. खोलीत ऊन येते की नाही हे मतदानाने ठरत नाही.

ट्रस्टची सर्वांत यशस्वी कामगिरी म्हणजे दादर-माटुंगा आणि सायन-माटुंग्याच्या योजना. तिथे शेते, वाड्या आणि नारळीच्या बागा होत्या. ट्रस्टने ती जमीन घेतली, रुंद रस्ते, गोल चौक आणि उद्याने आखली आणि प्लॉट पाडले. ते भरायला वीस-पंचवीस वर्षे लागली, आणि भरले तेव्हा बंगल्यांऐवजी दोन-तीन मजली फ्लॅटच्या इमारती उभ्या राहिल्या, ज्यांत कारकून, वकील, शिक्षक राहायला आले. पांढरपेशा मराठी, तमिळ, गुजराती मुंबईकराचे घर कसे दिसते याची कल्पना इथे घडली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच उद्याने, किंग्ज सर्कल हे सारे त्याच आखणीतले आहे. पारशी कॉलनीची गोष्ट तर विशेष आहे, कारण मंचेरजी जोशी हे ट्रस्टमध्येच अभियंता होते आणि आपल्या समाजातील मध्यमवर्गासाठी १०३ प्लॉट राखून ठेवायला त्यांनी ट्रस्टला राजी केले. म्हणजे आतल्या माणसाची ओळख असली की आराखडा आपल्याकडे झुकू शकत होता. नागपाड्याच्या भाडेकरूचा असा कोणी आत नव्हता.

या दोन टोकांना जोडणारे एक आयुष्य मराठी वाचकाला परिचित आहे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत जवळपास वीस वर्षे राहिले, आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी पुस्तकांसाठी आणि कुटुंबासाठी राजगृह बांधले. परळची चाळही ट्रस्टची आणि हिंदू कॉलनीची आखणीही ट्रस्टची. एकाच संस्थेने गरिबासाठी काय बांधायचे आणि मध्यमवर्गासाठी काय आखायचे याचे दोन वेगळे हिशोब केले होते, हे त्या दोन पत्त्यांत मोजून पाहता येते.

आता निवडून आलेल्यांकडे वळतो, कारण प्रश्नकर्त्याचा रोख असा दिसतो की रेषा नगरसेवकांनी काढली असती तर ती न्यायाची झाली असती. मला तसे छातीठोकपणे म्हणता येत नाही. १८९८ ची मुंबई महापालिका निवडून आलेली होती, परंतु मत देणारे करदाते होते आणि करदात्यांत घरमालकांचे वजन मोठे होते. चाळीत मोरी, नळ आणि खिडकी सक्तीची करावी असे नियम पुढे आले की त्यांना अडवणारी माणसे सभागृहातच बसलेली असत. सरकारने वेगळा ट्रस्ट काढला त्याचे एक कारण हेच देण्यात आले आणि ते अगदी खोटे नव्हते. भाडेकरूला महापालिकेसाठी मताधिकार १९२२ मध्ये मिळाला, तोही ठरावीक भाडे भरणाऱ्यालाच. म्हणजे ट्रस्टच्या पहिल्या चोवीस वर्षांत भाडेकरू नियोजनकारापुढेही पक्षकार नव्हता आणि नगरसेवकापुढेही नव्हता. तुमच्या गल्लीच्या बाबतीतही मी हाच प्रश्न आधी विचारीन: रेषा ओढण्यापूर्वी कोणाला मोजले होते?

ट्रस्टला जोड म्हणून १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले, ज्याच्या नावाने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या २०७ बीडीडी चाळी ओळखल्या जातात. ५०,००० खोल्या बांधण्याचे ठरले होते. सुमारे १६,००० बांधून झाल्या, आणि त्यांतल्याही अनेक खोल्या सुरुवातीला रिकाम्या राहिल्या, कारण भाडे परवडत नव्हते आणि काँक्रीटच्या त्या खोल्यांत उजेड कमी होता. याच खात्याच्या बॅक बे येथील समुद्र भरावाच्या उधळपट्टीवर खुर्शेद नरिमन यांनी कौन्सिलमध्ये आणि बाहेर तोफ डागली, खात्याच्या अभियंत्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि नरिमन सुटले. निवडून आलेल्या एका सदस्याने न निवडलेल्या खात्याला हिशोब द्यायला लावला, असे हे ठळक उदाहरण आहे. ट्रस्ट स्वतः १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला.

येथून मी आजच्या कायद्याकडे येतो, कारण तुमच्या गल्लीवरची रेषा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली ओढलेली आहे. त्याचा क्रम असा आहे. महापालिका विकास योजना तयार करण्याचा इरादा जाहीर करते. नगररचना अधिकारी विद्यमान जमीनवापराचा नकाशा तयार करतो. मग प्रारूप योजना प्रसिद्ध होते आणि ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवल्या जातात. त्या ऐकण्यासाठी नियोजन समिती असते, जिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ बसतात. त्यानंतर योजना महापालिकेमार्फत शासनाकडे जाते आणि अंतिम मंजुरी मंत्रालयातून येते. यात निवडून आलेली माणसे आहेत, परंतु ती मधल्या पायऱ्यांवर आहेत. पहिली पायरी, म्हणजे नकाशा, आणि शेवटची पायरी, म्हणजे मंजुरी, या दोन्ही ठिकाणी कागद अधिकाऱ्याच्या टेबलावर असतो. शिवाय योजना मंजूर झाल्यावर त्यात फेरबदल करण्यासाठी वेगळे कलम आहे, आणि महापालिका मुदतीत काम करू शकली नाही तर ते शासनाने हाती घेण्याचीही तरतूद आहे. पुण्याच्या जुन्या हद्दीची योजना मार्च २०१५ मध्ये शासनाने महापालिकेकडून काढून घेतली आणि विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिली, ती याच अधिकारात. मुंबईत मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ आयुक्त हेच प्रशासक होते, म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि सभागृहाच्या वतीने तो मान्य करणारा एकच माणूस होता.

तरीही माझ्या अनुभवात खरी सत्ता पहिल्या पायरीवर असते, आणि त्याविषयी मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मध्यम शहराच्या योजनेसाठी मी जुन्या पेठेचा जमीनवापर सर्व्हे केला. सिटी सर्व्हेच्या शीटवर प्रत्येक मिळकतीला रंग भरायचा होता: राहण्यासाठी पिवळा, दुकानांसाठी निळा. मी रस्त्यावर उभा राहून दर्शनी बाजू पाहत गेलो आणि वाड्यांना पिवळा रंग भरला. चौकाच्या आत काय आहे हे पाहायला मी गेलो नाही. एका वाड्याच्या आत मागच्या सोप्यात अकरा बिऱ्हाडे होती, विहिरीशेजारी पितळी भांड्यांना कल्हई लावणारे दोघे भाऊ बसत आणि माजघरात बायकांचा पापड-लोणच्यांचा उद्योग चाले. माझ्या नकाशावर तो एक पिवळा चौकोन होता, एक मिळकत, एक मालक. पुढे रुंदीकरणाची रेषा ठरवताना वरिष्ठांनी विचारले की या बाजूला किती मिळकती बाधित होतात आणि त्या बाजूला किती; मी माझा नकाशा पाहून या बाजूला कमी असे सांगितले आणि रेषा या बाजूला सरकली. मी खोटे बोललो नव्हतो. मी मिळकती मोजल्या होत्या, माणसे मोजली नव्हती. हरकतीच्या सुनावणीला त्या वाड्यातून फक्त मालक आले आणि त्यांनी हरकत घेतली नाही, कारण बाधित क्षेत्राच्या बदल्यात त्यांना मिळणारा चटई क्षेत्राचा, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीचा, लाभ जुन्या भाड्यांपेक्षा कितीतरी मोठा होता. भाडेकरूंना सुनावणीची सूचना गेलीच नव्हती, कारण सूचना मिळकत पत्रिकेवरच्या नावाला जाते. ती रेषा आज रस्ता झालेली आहे. १८९८ चा ट्रस्ट मी पुढे नीट वाचला तेव्हा मला स्वतःचाच नकाशा दिसला.

भाडेकरूला महाराष्ट्रात जे स्थान मिळाले ते नियोजनाच्या कायद्याने दिलेले नाही, हे लक्षात घ्यावे. ते भाडे नियंत्रणाने दिले आणि मुंबईपुरते १९६९ च्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाच्या कायद्याने दिले, ज्यात जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्या बदल्यात रहिवाशांच्या पुनर्वसनाची जबाबदारी मान्य केली गेली. हे कायदे विधानसभेत झाले आणि त्यांच्यामागे भाडेकरूंच्या संघटना व मोर्चे होते. आज उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाला ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते, ती त्या लढ्याची कमाई आहे. मुंबईची २०१५ मधील प्रारूप योजना मागे घ्यावी लागली तीही लोकांनी नकाशे मांडून बसून एकेक चूक दाखवल्यामुळे: रस्ता नाही तिथे रस्ता, वारसा इमारत आहे तिथे कोरी जागा, वस्ती आहे तिथे काहीच नाही. हजारो हरकती आल्या, मुख्यमंत्र्यांनी योजना नव्याने करायला सांगितली आणि सुधारलेली योजना २०१८ मध्ये मंजूर झाली.

एक पळवाट मात्र अजून उघडी आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत मालक नसलेल्या, पण त्या जागेवर उपजीविका अवलंबून असलेल्या कुटुंबांनाही स्थान आहे आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास आवश्यक केला आहे. परंतु शहरांत रस्त्याची जमीन बहुधा त्या मार्गाने घेतलीच जात नाही. मालकाला टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा जादा चटई क्षेत्र देऊन जमीन ‘संमतीने’ ताब्यात येते. संमती देणारा मालक असतो. व्यवहार दोघांतच पुरा होतो आणि कल्हईवाला पुन्हा एकदा हिशोबाबाहेर राहतो.

म्हणून तुमच्या गल्लीबद्दल माझा सल्ला असा आहे. हरकतीची मुदत संपण्यापूर्वी महापालिकेकडून विद्यमान जमीनवापराच्या नकाशाची आणि रस्त्याच्या प्रस्तावामागच्या टिपणीची प्रत मागा. माहिती अधिकारात मागितली तर मुदत निघून जाईल, म्हणून थेट नगररचना विभागात जाऊन लेखी अर्ज द्या आणि शीट तिथेच पाहून टिपून घ्या. मग गल्लीतल्या प्रत्येक वाड्याच्या आत जा. प्रत्येक बिऱ्हाड, दुकान, कारागीर, देवघर, विहीर, सार्वजनिक नळ यांची यादी सिटी सर्व्हे क्रमांकानुसार करा. रस्ता नको एवढेच लिहिलेली हरकत समितीत एका ओळीत निकाली निघते, हे मी त्या बाजूला बसून पाहिले आहे. त्याऐवजी नकाशात ही माणसे दाखवलेली नाहीत, म्हणून पर्यायांची तुलना चुकीच्या आकड्यांवर झाली आहे, असे लिहा. १५ मीटर कशासाठी हवेत हे विचारा. अग्निशमनाची गाडी हे कारण असेल तर तिला लागणारी रुंदी किती आणि दोन टोकांच्या कोपऱ्यांवर वळण मोकळे केल्याने काम भागते का, हे मांडा. जुन्या गल्ल्यांत बहुतेक वेळा अडचण वळणावर असते, मधल्या लांबीत नसते. पर्यायी रेषा काढून जोडता आली तर जरूर जोडा, कारण समितीतील अधिकाऱ्याला नकाशाला उत्तर नकाशाने द्यावे लागते. योजनेशिवाय महापालिका अधिनियमाखाली रस्त्याची नियमित रेषा वेगळी ठरवलेली असते, तीही तपासा. योजनेतली रेषा मागे घेतली गेली आणि ही नियमित रेषा तशीच राहिली, तर वाडा पुन्हा बांधायला काढाल त्या दिवशी ती समोर येईल.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हरकत मालकाच्या एका अर्जाने देऊ नका. प्रत्येक भाडेकरूने आपल्या नावाने स्वतंत्र हरकत द्यावी, तिला भाड्याची पावती, विजेचे देयक आणि मतदार यादीतील नोंद जोडावी, आणि सुनावणीसाठी आपणास व्यक्तिशः बोलवावे अशी मागणी त्यात लिहावी. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यायला विसरू नका. मंजुरीला पुढे आव्हान द्यायची वेळ आली तर न्यायालयात पहिला प्रश्न हाच विचारला जाईल की तुम्ही मुदतीत हरकत घेतली होती का, आणि त्याचे उत्तर त्या शिक्क्यातच असेल.